'इंपोर्टेड' डुक्कर घेण्याआधी

कुणाची भांडी घासायची राहिली असतील, कुणाची आमटी अजून चुलीवर असेल. हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या.

आज आम्ही डुकरांबद्दल बोलणार आहोत. ज्यांच्या घरात हा विषय चालत नाही त्यांनी रेडिओ जरा बारीक केला तरी चालेल, पण बंद करू नका. गटाच्या पैशाचा प्रश्न आहे, आणि गटाच्या पैशाला सोवळं-ओवळं नसतं.

झालं असं, की गेल्या काही महिन्यांत आमच्या सावंतवाडी-दोडामार्गच्या पट्ट्यात गटांच्या बैठकीत एकच प्रश्न तीन-चार वाड्यांतून आला. "ताई, विलायती डुकराची पिल्लं मिळतायत. एक माणूस मोबाइलवर फोटो दाखवून गेला. पांढरीशुभ्र, लांबलचक. म्हणतो, परदेशातून आणलेली आहेत. भाव आपल्या पिल्लाच्या तिप्पट. घेऊ या का?" दुसऱ्या गटात याच्या उलट ऐकलं. तिथल्या एक काकी म्हणाल्या, "सरकारने विलायती डुकरांवर बंदी घातलीय म्हणे. मग आपल्यासारख्या गरिबाने पुढे जायचंच नाही का?"

आता या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील? बंदी असेल तर तो माणूस विकतो काय? आणि विकत असेल तर बंदी कसली? आम्ही पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे बसलो, कागद वाचले, गोव्यातल्या डुक्कर पाळणाऱ्या बायकांशी बोललो. जे हाती लागलं ते सांगतो.

आधी बंदीचं. सरसकट बंदी नाही, निर्बंध आहेत. दोन्हींत फरक आहे. बंदी म्हणजे दार बंद. निर्बंध म्हणजे दाराशी माणूस बसलाय, तो कागद बघितल्याशिवाय आत सोडत नाही. आपल्याकडे पशुधन आयात कायदा आहे, तो १८९८ सालचा. इंग्रजांनी केलेला, पण अजून चालू आहे. जनावराबरोबर रोग येऊ शकतो म्हणून बाहेरून येणारं जनावर अडवायचा किंवा त्याला अटी घालायचा अधिकार केंद्र सरकारला या कायद्याने मिळतो. २००१ साली त्यात सुधारणा झाली आणि नुसतं जनावरच नाही तर मांसासारखे पदार्थही त्यात आले.

जिवंत डुक्कर परदेशातून आणायचं तर केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याची शिफारस लागते, परदेश व्यापार खात्याचा परवाना लागतो, आणि आरोग्याचा वेगळा परवाना लागतो. ज्या देशातून डुक्कर यायचं तिथल्या सरकारी डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं, की अमुक रोग आमच्याकडे नाहीत, या जनावरांची तपासणी झालीय. मग ते विमानाने किंवा बोटीने येतं तेही ठरलेल्या ठिकाणीच. मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता अशा ठिकाणी केंद्राची विलगीकरण केंद्रं आहेत. करोनात आपण क्वारंटाइन हा शब्द शिकलो ना, तेच. तिथे जनावर वेगळं ठेवतात, रक्त तपासतात, आणि सगळं ठीक निघालं तरच बाहेर सोडतात. नाही निघालं तर परत पाठवतात किंवा मारून टाकतात, आणि खर्च आणणाऱ्याच्या डोक्यावर.

आता तुम्हीच सांगा, एवढं सगळं करून आणलेलं डुक्कर कुणी टेंपोत घालून आठवडी बाजाराला आणेल का?

परदेशातून जी डुकरं येतात ती शेकड्याने नाही, मोजकी येतात. पैदाशीसाठी, शुद्ध जातीची, मोठ्या फार्मवर किंवा सरकारी केंद्रात. त्यांची पिल्लं, पिल्लांची पिल्लं, मग संकरित अशी ती खाली उतरतात. आपल्यापर्यंत येतं ते चौथ्या-पाचव्या पिढीचं. म्हणजे कुणी आपल्याला 'इंपोर्टेड' म्हणून पिल्लू विकत असेल तर बहुतेक वेळा ते इथेच, एखाद्या फार्मच्या मांगरात जन्मलेलं असतं. त्यात वाईट काहीच नाही. वाईट आहे ते तिप्पट भाव लावणं.

आणि तसं बघायला गेलं तर ती पांढरी डुकरं आपल्या देशाला नवीन नाहीतच. लार्ज व्हाइट यॉर्कशायर ही इंग्लंडमधल्या यॉर्कशायर भागातली जात, ती इंग्रजांच्या काळापासून इथे आहे. लँडरेस डेन्मार्कची. हॅम्पशायर आणि ड्युरॉक अमेरिकेतून आलेल्या. हॅम्पशायर ओळखायची सोपी खूण म्हणजे काळं अंग आणि खांद्याभोवती पांढरा पट्टा, जणू कुणी पांढऱ्या पंचाने बांधलंय. ड्युरॉक विटकरी. या जातींचं रक्त सरकारी केंद्रांमधून देशभर पसरलंय. एके काळी मुंबईत बोरिवलीला सरकारी बेकन फॅक्टरी होती, हे आमच्यातल्या कितीजणींना ठाऊक होतं? आम्हालाही नव्हतं.

२०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ९० लाख डुकरं मोजली गेली. त्यातली साधारण १९ लाख विलायती किंवा संकरित, बाकी सगळी गावठी. २०१२ च्या मानाने डुकरं बारा टक्क्यांनी कमी झाली. सगळ्यात जास्त आसामात, २१ लाखांच्या आसपास. तिकडे ईशान्येत डुक्कर म्हणजे आपल्याकडची कोंबडी आणि शेळी दोन्ही मिळून जे असतं ते. घराची बँक. लग्न आलं, आजारपण आलं, पोराची फी आली की डुक्कर विकायचं. आणि पाळायचं काम बहुतेक बायकांचंच.

त्या बायकांवर काय गुदरलं ते आज मुद्दाम सांगायचंय, कारण निर्बंध कशासाठी हे त्याशिवाय कळणार नाही.

मिझोराम हे छोटं राज्य. एका बाजूला म्यानमार, एका बाजूला बांगलादेश. सीमा डोंगराची, जंगलाची. पलीकडे नातेवाईक, अलीकडे नातेवाईक. पिल्लं, मांस, सगळं इकडून तिकडे चालायचं. २०१३ साली तिथे डुकरांमध्ये एक नवा रोग आला. गाभण माद्या गाभ टाकायला लागल्या, पिल्लं धापा टाकून मरायला लागली. तपासणीत निघालं ते पीआरआरएस नावाचं दुखणं, जे तोवर भारतात नव्हतं. सीमेपलीकडून आलेल्या डुकरांबरोबर आलं असावं असा संशय होता. त्यातून लोक कसेबसे सावरले.

मग आला आफ्रिकन स्वाइन फीव्हर. आफ्रिकेतल्या केनियात शंभर वर्षांपूर्वी, १९२१ साली याची पहिली नोंद शास्त्रज्ञांनी केली. बरीच वर्षं तो मुख्यतः आफ्रिकेत राहिला. २००७ साली तो जॉर्जिया देशात निघाला. बंदराला लागलेल्या जहाजातलं खरकटं डुकरांना घातलं गेलं आणि त्यातून तो आला असावा, असं मानतात. बघा, एका जहाजाच्या स्वयंपाकघरातलं उष्टं! तिथून रशिया, युरोप. २०१८ च्या ऑगस्टमध्ये चीन. जगातली जवळजवळ निम्मी डुकरं चीनमध्ये, तिथे हाहाकार झाला. आणि २०२० साली आपल्या आसाम आणि अरुणाचलमध्ये.

मिझोराममध्ये तो २०२१ च्या मार्चमध्ये लुंगलेई जिल्ह्यातल्या बांगलादेश सीमेजवळच्या एका गावात पहिल्यांदा दिसला. त्या एका वर्षात तिथे तीस हजारांहून जास्त डुकरं मेली. शिवाय हजारो सरकारने मारून पुरली, रोग पुढे जाऊ नये म्हणून. लहानसं राज्य ते. आपल्या एका तालुक्यातल्या सगळ्या गटांच्या सगळ्या शेळ्या एका पावसाळ्यात गेल्या असं डोळ्यांसमोर आणा.

हा रोग माणसाला होत नाही. हे नीट ऐकून ठेवा, कारण बातमी आली की लोक मटण-मासे सगळंच खायचे बंद होतात आणि भाव पडतो. माणसाला काही होत नाही, पण डुक्कर मात्र क्वचितच वाचतं. आणि आपल्या देशात सरकारने द्यायला सुरुवात केलेली अशी लस यावर नाही. साध्या स्वाइन फीव्हरवर लस आहे, ती दवाखान्यात विचारून टोचून घ्यायची. पण या आफ्रिकन तापाला लस नाही आणि औषध नाही. दोन्ही ताप बाहेरून सारखेच दिसतात. खाणं सोडतं, अंग तापतं, कान आणि पोट लाल-जांभळं होतं, नाकातून रक्त येतं, आणि दोन-चार दिवसांत मरतं. कुठला ताप आहे हे प्रयोगशाळेतच कळतं. भोपाळला त्याची राष्ट्रीय संस्था आहे.

२०२२ च्या जुलैत हा रोग केरळात वायनाडला निघाला. त्याच सुमारास केरळ सरकारने बाहेरच्या राज्यांतून डुकरं आणि डुकराचं मांस आणायला मनाई केली. ज्यांचे सौदे झाले होते ते अडकले. म्हणजे निर्बंध फक्त परदेशाच्या सीमेवर नसतात, रोग निघाला की राज्याराज्यांतही येतात. आपल्यासाठी ही गोष्ट परदेशाहून जवळची आहे. आपलं गिऱ्हाईक गोव्यात. उद्या कुठल्याही बाजूला रोग निघाला तर पत्रादेवीच्या किंवा दोडामार्गच्या नाक्यावर गाडी थांबलीच म्हणून समजा. म्हणून डुकरं पलीकडे पाठवायच्या आधी दवाखान्यातून दाखला घ्या आणि त्या आठवड्यात काही नवा आदेश आहे का ते विचारा. फोन करायला पैसे पडत नाहीत.

तर बाहेरच्या जनावराला दाराशी अडवण्याचं कारण हे. सरकार काही आपल्या प्रगतीच्या आड येण्यासाठी तिथे बसलेलं नाही. आणि हे फक्त आपलंच सरकार करतं असंही नाही. डेन्मार्कने आपलं लँडरेस डुक्कर वर्षानुवर्षं देशाबाहेर जाऊ दिलं नव्हतं, ते रोगासाठी नव्हे तर आपल्या शेतकऱ्यांचा धंदा टिकावा म्हणून.

पण मग सगळं बरोबरच चाललंय असं आम्ही म्हणतोय का? नाही. आमचीही तक्रार आहे.

२०२२ च्या जानेवारीत आपल्या देशाने अमेरिकेतलं डुकराचं मांस यायला परवानगी दिली. ते तपासून, दाखले घेऊन येतं, ते ठीक. पण पंचतारांकित हॉटेलच्या ताटाला वाट मिळते, आणि आमच्या गटातल्या बाईला चांगल्या जातीचं पिल्लू हवं तर तिला कुणी वाट दाखवत नाही. परवान्याचे कागद इंग्रजीत, दिल्लीचे. मोठा फार्मवाला माणूस ठेवून ते करून घेतो. बाहेरचं रक्त देशात आलं तरी ते मोठ्या फार्मवरच फिरत राहतं. राष्ट्रीय पशुधन अभियानात डुक्करपालनाला खर्चाच्या निम्मं अनुदान आहे, जास्तीत जास्त ३० लाखांपर्यंत, आणि बचत गटही त्याला पात्र आहेत. वाचायला छान वाटतं. पण ३० लाखांसाठी शंभर माद्या आणि दहा नर लागतात, निम्म्या अनुदानासाठी पन्नास माद्या. आपल्या दहाजणींच्या गटाने पन्नास माद्या कुठे बांधायच्या? देवळाच्या सभामंडपात? दोन-तीन माद्यांवाल्या बाईसाठी योजना हवी, हे आम्ही बोलत राहणार.

तोवर करायचं काय? तर जे रक्त कायद्याने, तपासून आत आलंय ते जवळून मिळवायचं. आणि त्याचे रस्ते आहेत.

गोव्यात जुन्या गोव्याजवळ एला इथे केंद्र सरकारची किनारी शेतीची संशोधन संस्था आहे. तिथे डुकरांवर बरंच काम झालंय. फोंड्याजवळ कुर्टीला गोवा सरकारचा डुक्कर फार्म आहे. तिकडे ईशान्येत गुवाहाटीजवळ राणी या गावी डुकरांचं राष्ट्रीय संशोधन केंद्रच आहे. त्यांनी हॅम्पशायर आणि बंगालची घुंगरू ही काळी गावठी जात यांचा संकर करून 'राणी' नावाचीच जात तयार केली. झारखंडमध्ये रांचीच्या कृषी विद्यापीठाने टॅमवर्थ या विलायती जातीचा गावठीशी संकर करून 'झारसुक' केली. बरेलीच्या संस्थेने लँडरेस आणि गावठी घुर्रा यांच्यापासून 'लँडली' केली. म्हणजे परदेशातून पुन्हा पुन्हा डुक्कर आणायची गरज नाही. एकदा आलेलं रक्त इथल्या काटक रक्तात मिसळायचं, हा हिशेब.

आणि त्यासाठी जिवंत नरही लागत नाही. गाईला जसं कृत्रिम रेतन करतात तसं डुकरालाही करतात. गाईचं वीर्य गोठवून वर्षानुवर्षं ठेवता येतं. डुकराचं मात्र गोठवलं तर नीट टिकत नाही, म्हणून ते पातळच, सतरा अंशांच्या आसपास थंड ठेवतात आणि तीनेक दिवसांत वापरावं लागतं. एलाच्या संस्थेत हे काम चालतं. आपल्याला मादी माजावर कधी येते याची नोंद ठेवावी लागेल. दर एकवीस दिवसांनी येते. कॅलेंडरवर खूण करा, दुधाचा हिशेब लिहितो तशी. गाभण राहिली की तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. हे पाठ करायला सोपं आहे, आमच्या गटातल्या शाळा न शिकलेल्या एक मावशी बोटांवर अचूक तारीख सांगतात.

याचा फायदा किती ते बघा. नर पाळायचा तर त्याचं खाणं, त्याची वेगळी खोली, आणि दोन वर्षांनी त्याच्याच लेकी माजावर आल्या की तो बदलायचा. गावात बहुतेकजणी बदलत नाहीत. मग बापाचं लेकीशी, भावाचं बहिणीशी. पिल्लं कमी होतात, मरतुकडी होतात, आणि आपण म्हणतो, गावठी जातच वाईट. जात वाईट नसते, नर बदललेला नसतो.

गावठी जातीबद्दल आणखी थोडं बोलायचंय, कारण पांढऱ्या कातडीचं कौतुक आपल्याला माणसातही फार आणि जनावरातही. गोव्यातल्या गावठी काळ्या डुकराला 'आगोंदा गोवन' या नावाने देशाची नोंदणीकृत जात म्हणून मान्यता मिळाली आहे. हरियाणात कर्नालला राष्ट्रीय संस्था आहे, तिथे देशी जातींची नोंद होते, आणि डुकरांच्या जातींत अगदी पहिल्या तीनांत हे नाव लागलं. आपल्या अंगणात फिरणारं ते बारकं काळं डुक्कर. उकाडा सहन करतं, पावसाळा सहन करतं, भाताचा कोंडा, काजूची बोंडं, फणसाची साल-चारखंडं जे द्याल त्यावर जगतं. पिल्लं सांभाळायला आई चांगली.

पांढऱ्या यॉर्कशायरला एका वेताला आठ, दहा, कधी बारा पिल्लं होतात, वाढही झपाट्याने, आणि चरबी कमी. हे खरंच आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याला खुराक तयार लागतो, नुसत्या कोंड्यावर ते वाढत नाही. डुकराला घाम येत नाही, त्यात पांढऱ्या कातडीला ऊन भाजतं. आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याला सावली, वर गवताचं किंवा झावळ्यांचं छप्पर आणि दिवसातून दोनदा पाणी मारायला हवं. ज्या वाडीत माणसांना पाणी टँकरने येतं तिथे यॉर्कशायरची आंघोळ कोण घालणार?

आम्हाला विचाराल तर सुरुवात करणाऱ्या गटाने पूर्ण विलायती घेऊच नये. अर्धं गावठी, अर्धं विलायती रक्त असलेली मादी घ्यावी. दोन वेतं नीट निघाली, खुराकाचा आणि औषधाचा खर्च वहीत बसला, की पुढची उडी मारावी. काहीजणींना आमचं हे भित्रेपण वाटतं. वाटू दे. गटाच्या कर्जाचा हप्ता डुक्कर मेलं म्हणून बँक माफ करत नाही. विमा उतरवा, तोही डॉक्टरांनी कानात बिल्ला मारल्यावर, आणि बिल्ल्याचा नंबर वहीत लिहून ठेवा. बिल्ला नसला तर विम्याचे पैसे मिळत नाहीत.

आता त्या मोबाइलवाल्या माणसाकडे येऊ. तो आला तर हाकलू नका. चहा द्या आणि विचारा. पिल्लू कुठल्या फार्मवर जन्मलं? त्या फार्मचं पैदाशीचं रजिस्टर आहे का, त्यात या पिल्लाच्या आईबापाची नोंद आहे का? परदेशातून आणलं म्हणतोस, तर आयातीच्या आरोग्य परवान्याची आणि विलगीकरण केंद्रातून सोडल्याची प्रत दाखव. लस कधी टोचली, कुठल्या डॉक्टरने? एका गटातल्या वहिनींनी हे चारही प्रश्न विचारले. तो म्हणाला, "कागद साहेबांकडे आहेत, उद्या आणतो." त्याला आता दोन महिने झाले.

कधी कधी खरोखर चांगलं संकरित पिल्लू असतं आणि विकणारा फक्त फुशारकी मारत असतो. मग भाव संकरिताचा द्या, विमानाच्या तिकिटाचा नको. पण पिल्लू कुठलंही घ्या, आणल्या आणल्या जुन्या डुकरांत सोडू नका. केंद्र सरकार परदेशी डुकराला जे करतं तेच आपण आपल्या मांगरात करायचं. महिनाभर वेगळं, लांब, वेगळं भांडं, वेगळी झाडणी. आधी जुन्यांना खायला घालायचं, मग नव्याकडे जायचं, आणि आल्यावर हातपाय धुवायचे. पायात वेगळी चप्पल. खोपट्याच्या दाराशी चुन्याची फक्की किंवा जंतुनाशकाचं पाणी. खरेदीला येणारा व्यापारी चार गावं फिरून येतो, त्याला आत घेऊ नका. पिल्लं बाहेर आणून दाखवा. तो रागावेल. रागावू दे.

खरकट्याचा मामला सगळ्यात नाजूक. गोव्याच्या हॉटेलांतून पिंपं भरून खरकटं येतं, फुकट किंवा पडेल भावात. अनेकींचा धंदा त्यावरच उभा आहे हे आम्हाला माहीत आहे, म्हणून नुसतं बंद करा म्हणून सांगण्यात अर्थ नाही. पण त्यात डुकराचं मांस असतं. आफ्रिकन तापाचा विषाणू मांसात कित्येक आठवडे जगतो, गोठवलेल्या मांसात तर महिनोन्‌महिने. खारवलेल्या, धुरावलेल्या मांसातही तग धरतो, म्हणजे घरच्या सॉसेजचं उरलेलं टोकसुद्धा डुकराच्या भांड्यात जाता कामा नये. हॉटेलवाल्याला सांगून मांसाचं वेगळं काढून घ्या. आणि जे येईल ते उकळा. नुसती एक उकळी नव्हे, उकळी आल्यावर चांगला तासभर, तळापासून ढवळत. लाकूडफाटा जातो, वेळ जातो, खरं आहे. बिअरच्या कारखान्यातला जवाचा चोथा मिळत असेल तर तो त्याहून बरा, त्यात मांसाची भीती नाही.

जागेचंही बघा. शेजारी कुणाला या जनावराचा त्रास वाटत असेल, कुणाच्या धर्मात ते चालत नसेल, तर आधी बोलून घ्या आणि खोपटं लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला बांधा. विहिरीपासून दूर. शेणखड्डा झाका. पंचायतीत तक्रारी येतात त्या बहुतेक वासाच्या येतात. उरलेल्या तक्रारी वेगळ्या असतात. वासाचं नाव घेऊन कुणाची तरी जात काढायची असते. आपल्या राज्यात डुकरं पाळली ती पिढ्यान्‌पिढ्या वडार, कैकाडी अशा समाजांनी, आणि त्या कामापायी त्यांना गावकुसाबाहेर ठेवलं. आता त्याच धंद्याला अनुदान मिळतं म्हटल्यावर सगळे विचारायला येतात. येऊ देत. पण गट करताना ज्यांच्या हाताला हे काम माहीत आहे त्या बायका गटात आहेत ना, आणि सही करायच्या जागी आहेत ना, एवढं बघा. माज ओळखणं, अडलेली मादी सोडवणं, पिल्लाचे सुईसारखे दात कापणं, तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन विसरू न देणं, हे पुस्तकात वाचून येत नाही.

शेवटी एका चिठ्ठीचं उत्तर. एका बहिणीने विचारलंय, डुकरं मरायला लागली आणि दवाखान्यात कळवलं तर सरकार उरलेलीही मारून टाकेल, मग गप्प राहिलेलं काय वाईट?

बाई गं, तुझी भीती खोटी नाही. आफ्रिकन ताप निघाला तर त्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतली डुकरं मारतात आणि दहा किलोमीटरवर लक्ष ठेवतात. पण भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या डुकरांची. कळवण्याआधी रोगाने मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे तू जितके दिवस गप्प बसशील तितकी भरपाईची डुकरं कमी होत जातील. शिवाय २००९ चा जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा कायदा आहे, त्यात असा रोग कळवणं मालकावर बंधनकारक आहे. मेलेलं डुक्कर ओढ्यात टाकू नकोस, रात्रीतून विकू नकोस, खोल खड्ड्यात चुना घालून पुर. दोन डुकरं एका आठवड्यात मेली की पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना फोन कर, आणि फोन केल्याची तारीख व वेळ गटाच्या वहीत लिहून दोघींच्या सह्या घे. पुढे भरपाईचा अर्ज करताना ती वही लागते.

आमच्या तीन वाड्यांतल्या गटांनी मिळून एक अर्ज तयार केला आहे. कृत्रिम रेतनाच्या मात्रा तालुक्याच्या दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस मिळाव्यात, आणि दोन-चार माद्यांवाल्या बायकांना प्रशिक्षण मिळावं, एवढंच त्यात आहे. तुमच्या गटाला त्यात नाव घालायचं असेल तर ठराव करून, सह्या-अंगठ्यांसह, पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीला घेऊन या.